ठासणीच्या बंदुकीची सोय
महाड-पोलादपूरच्या डोंगराळ मुलखात, जिथे रानडुकरे भाताच्या खाचरांत शिरून पीक तुडवतात, ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू व गोळी घालून गजाने ठासावी लागणारी बंदूक, हे राखणीचे साधन ठरते; १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या १३ व्या कलमातही पीकसंरक्षणासाठी तिच्या परवान्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. अशा बंदुकीची नळी बहुधा आतून गुळगुळीत असल्याने गोळी सहज उतरते. ठासणीच्या रायफलीत मात्र गोळीला फिरकी देणाऱ्या मळसूत्री खाचा असतात, आणि गोळी त्यांत घट्ट बसली तरच नेम साधतो, म्हणून ती ठासणे कष्टाचे होते. फ्रेंच अधिकारी मिनिए याने १८४९ च्या सुमारास काढलेली या अडचणीची उकल खरोखर सुंदर आहे: नळीपेक्षा किंचित बारीक, बुडाशी पोकळ अशी शिशाची लांबट गोळी सैलपणे खाली जाते आणि बार उडताच तिचे बूड फुलून खाचांत रुतते. बंदूक वाहून नेण्याचे म्हणाल तर, आंबेनळीसारखा घाट चढताना लांब नळीचे ओझे हातात पेलण्यापेक्षा चामडी पट्ट्याने खांद्याला अडकवणे सोयीचे. दारू मात्र कोकणच्या पावसात लगेच सर्दावते, म्हणून तिला घट्ट झाकणाची दारूदाणी लागतेच.