तीस ग्रॅमची मूठ

स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा काढा आणि त्यावर तीन अक्रोडांचा गर, सहा बदाम आणि सात-आठ हेझलनट ठेवा. काटा ३० ग्रॅमच्या आसपास थांबेल. स्पेनमध्ये सुमारे अडीच हजार माणसांना जवळपास पाच वर्षं रोज एवढाच सुकामेवा खायला सांगितला होता. 'प्रेडिमेड' नावाच्या त्या चाचणीत ५५ ते ८० वयाचे ७,४४७ जण होते. हृदयविकार कुणालाच झालेला नव्हता, पण मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांमुळे धोका सगळ्यांनाच होता.

त्यांचे तीन गट पाडले. पहिल्या गटाला भूमध्य सागरी धाटणीचा आहार आणि भरपूर ऑलिव्ह तेल, दुसऱ्याला तोच आहार आणि हा सुकामेवा, तर तिसऱ्याला फक्त चरबी कमी खाण्याचा सल्ला. सुकामेव्यात निम्मं तेलच, तेव्हा तो हृदयाला वाईटच, असं डॉक्टरही पूर्वी सांगत. त्या समजाला पहिला मोठा धक्का १९९२ साली बसला. कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठाच्या संशोधकांनी ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या ३१ हजारांवर लोकांच्या खाण्याची नोंद ठेवली होती. आठवड्यातून चारपेक्षा जास्त वेळा सुकामेवा खाणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू, तो क्वचितच खाणाऱ्यांच्या तुलनेत, निम्म्यावर आले होते. पण ही झाली नुसती नोंद. सुकामेवा खाणारा माणूस बाकीही बाबतींत जपून वागत असेल, ही शंका उरतेच. ती फेडायला चिठ्ठ्या टाकून गट पाडावे लागतात. प्रेडिमेडचं महत्त्व त्यातच होतं.

निकाल २०१३ मध्ये आला. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा त्या कारणाने मृत्यू, असं काही तिसऱ्या गटात शंभरातल्या ४.४ जणांच्या वाट्याला आलं, सुकामेव्याच्या गटात ३.४ जणांच्या. पाठपुराव्याचा काळ आणि इतर फरक हिशेबात धरले, की टक्केवारीच्या भाषेत धोका २८ टक्क्यांनी कमी. साध्या भाषेत, पाच वर्षांत शंभरातला एक माणूस वाचला. फायदा मुख्यतः पक्षाघाताच्या बाबतीत दिसला.

मग आडवी आली गावकी. एका केंद्रावरच्या लहान गावांत लोकांनी तक्रार केली, की शेजाऱ्याला फुकट तेल मिळतं आणि आम्हाला नुसते अक्रोड! तिथल्या डॉक्टरांनी कटकट मिटवायला अख्ख्या गावाला एकच आहार देऊन टाकला. चिठ्ठ्यांचा नियम मोडला, तोही कुणाला न सांगता. ब्रिटनमधले भूलतज्ज्ञ जॉन कार्लाइल यांनी आकड्यांवरून ही गडबड हेरली. २०१८ मध्ये मूळ लेख मागे घेतला गेला, संशयास्पद १,५८८ जणांना वगळून पुन्हा हिशेब झाला आणि निष्कर्ष जवळपास तोच निघाला. दाव्याची भाषा मात्र सौम्य करावी लागली. आकड्याइतकीच ही दुरुस्तीही मला मोलाची वाटते.

सुकामेव्यातलं तेल बहुतांश असंतृप्त असतं. तुपातल्या किंवा तळणातल्या संतृप्त चरबीच्या जागी ते आलं, की रक्तातलं 'वाईट' एलडीएल कोलेस्टेरॉल उतरतं. सुकामेव्यातली वनस्पतिजन्य स्टेरॉल्स दिसायला कोलेस्टेरॉलसारखीच असतात. आतड्यात ती कोलेस्टेरॉलची जागा अडवतात आणि ते कमी शोषलं जातं. सुकामेव्यातल्याच आर्जिनिन या घटकापासून शरीर नायट्रिक ऑक्साइड बनवतं आणि त्याने रक्तवाहिन्या सैलावतात. या वायूचं काम उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना १९९८ चं नोबेल मिळालं.

वजन वाढेल, ही भीतीही बरीचशी फोल आहे. बदामाच्या पेशींच्या भिंती चिवट असतात. आपण कितीही चावलं तरी काही भिंती शाबूत राहतात आणि आतलं तेल तसंच बाहेर पडतं. अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१२ मध्ये मोजलं, तेव्हा २८ ग्रॅम अख्ख्या बदामांतून शरीराला १२९ कॅलरी मिळाल्या. वेष्टनावर १७० च्या आसपास लिहितात. बारीक वाटलं, की भिंती फुटतात आणि ही सवलत कमी होते.

आता खिशाचा प्रश्न. शेंगदाणा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तूर-हरभऱ्याचा भाऊबंद, पण त्याचं तेल सुकामेव्याच्याच वळणाचं. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या गरीब वस्त्या आणि शांघाय इथल्या दोन लाखांवर लोकांच्या पाहणीत (२०१५) खाल्ला जाणारा ऐवज मुख्यतः शेंगदाणाच होता आणि तो खाणाऱ्यांत हृदयविकाराचे मृत्यू कमी होते. हीसुद्धा नोंदच, चाचणी नव्हे. पण दिवाळीला काजू-पिस्त्यांचा डबा आला नाही म्हणून हृदयाचं काही अडत नाही, एवढं तिच्यावरून म्हणता येतं.

मात्र दाणे भाजलेले हवेत, तळलेले किंवा खारवलेले नकोत. कडवट लागणारा, बुरशी धरलेला दाणा निवडून टाका, कारण त्यात यकृताला घातक अफ्लाटॉक्सिन असू शकतं. ॲलर्जी असेल तर या वाटेला जाऊच नका. आणि ही मूठ चारच्या फरसाणाच्या जागी खायची आहे, फरसाण खाऊन वर नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळीही चालूच ठेवा. शेंगदाणा तिच्या जोडीला आहे, तिच्या बदली नाही.