‘सोमा’चा शेवट : सायमन नाणेफेक हरला का?

‘फ्रिक्शनल गेम्स’ या स्वीडिश कंपनीचा ‘सोमा’ हा व्हिडिओ गेम २०१५ साली आला, पण त्याच्या शेवटावरचा वाद अजून मिटलेला नाही. (पुढे शेवट उघड केला आहे.)

टोरांटोच्या सायमन जॅरेटच्या मेंदूचं २०१५ मध्ये स्कॅन होतं आणि तो जागा होतो थेट २१०४ साली, समुद्रतळावरच्या पॅथॉस-२ केंद्रात. धूमकेतू आदळून पृथ्वीचा पृष्ठभाग उजाड झालेला असतो. उरलेली आशा म्हणजे ‘आर्क’, मेंदूंची स्कॅन आभासी जगात जगवणारा उपग्रह. अखेर आर्क अवकाशात झेपावतो, सायमन मात्र तळाशीच राहतो. श्रेयनामावलीनंतर आर्कमध्ये आणखी एक सायमन डोळे उघडतो.

गैरसमज : सायमन नाणेफेक हरला, म्हणजे केवळ नशिबाने मागे राहिला.

वस्तुस्थिती : नाणेफेकीची भाषा गेममधली पात्रंच करतात, म्हणून हा समज घट्ट बसला. पण इथे नशिबाचा संबंध नाही. स्कॅन म्हणजे प्रत. मूळ माणूस जागच्या जागी राहतो आणि प्रत दुसरीकडे जागी होते, दर वेळी. टोरांटोचा सायमन कधीच वारला होता. केंद्राच्या ओमिक्रॉन विभागात नव्या शरीरात नवा सायमन उठला, तेव्हा जुना खुर्चीतच होता. या दोन्ही वेळी कॅमेरा प्रतीबरोबर गेला, तिसऱ्या वेळी, प्रत आर्कवर गेली तेव्हा, तो मागे राहिलेल्याबरोबर थांबला. फरक एवढाच.

गैरसमज : केंद्रात सायमनला साथ देणाऱ्या कॅथरीनने त्याला फसवलं.

वस्तुस्थिती : अर्धंच खरं. जुना सायमन मागे उरणार, हे तिने ओमिक्रॉनमध्ये आधी सांगितलं नाही. पण नंतर सायमनने ते डोळ्यांनी पाहिलं. त्या जुन्या सायमनला संपवायचं की तसंच सोडायचं, हेही खेळणारा स्वतः ठरवतो. शिवाय आर्कवर कॅथरीनचीही प्रतच गेली.

गैरसमज : वेगळे निर्णय घेतले की शेवट बदलतो.

वस्तुस्थिती : बदलत नाही. केंद्राचा ताबा घेतलेली ‘वाऊ’ ही कृत्रिम बुद्धिमत्ता नष्ट करा किंवा राहू द्या, शेवट तोच.

गैरसमज : आर्क सुटला, म्हणजे मानवजात वाचली.

वस्तुस्थिती : खरी संदिग्धता इथे आहे. आर्कवर हाडामांसाचं कुणीच नाही, आहेत त्या प्रती. त्यांना माणूस म्हणायचं का, याचं उत्तर गेम देत नाही. मात्र आर्कवरच्या सायमनला माणूस मानलं, तर अंधारात एकटा उरलेला सायमनही तितकाच माणूस ठरतो. त्यामुळे दोघांपैकी ‘खरा’ कोण, हे शोधत बसू नका. दोघेही खरेच आहेत.