दौऱ्यातली पाखरं

आमच्या कंपनीने यंदा परदेश दौरे जवळजवळ बंद केले. बैठका पडद्यावर होतात, काम कुठे अडत नाही. दौऱ्यांबरोबर आणखी काय गेलं, याची मात्र कुणी चौकशीही केली नाही, हे मनाला लागलं.

नव्वदच्या दशकातल्या आखाती दौऱ्यांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. विमानतळ, साइट, हॉटेल; आणि तिथेही आपलेच कावळे. खरं शिक्षण झालं ते २००० नंतर, लंडनमध्ये. मुक्काम केन्सिंग्टन गार्डन्सजवळ असायचा. जूनमध्ये पाचच्या आत उजाडतं आणि बैठक नऊला. मधला सगळा वेळ माझा आणि बागेतल्या पाखरांचा.

पुण्यात पाषाण तलावावर हिवाळ्यात दिसणारा काळा वारकरी पक्षी तिथे ऐन वस्तीत संसार थाटतो. पिल्लांची डोकी तांबडी, मानेभोवती नारिंगी पिसांची झालर. एखादं पिल्लू खाण्यासाठी फारच मागे लागलं, तर आई त्याच्या डोक्यावर चोच मारून त्याला हुसकावते. हे कळायला एकाच काठावर पुन्हा पुन्हा जाऊन बसावं लागलं.

बरोबरचे लोक ऑक्सफर्ड स्ट्रीटवर खरेदीला जायचे आणि मला विचारायचे, ‘‘इतक्या लांब येऊन चिमण्या बघतोस?’’ त्यांना उत्तर आज देतो. त्या बागेत बघायला चिमण्या उरल्याच नव्हत्या. पक्षी-अभ्यासक मॅक्स निकल्सन यांनी १९२५ मध्ये तिथे चिमण्या मोजल्या, त्या २,६०३ भरल्या. २००० च्या मोजणीत सापडल्या फक्त ८. कारणं एकाहून अधिक. पिल्लांना भरवायला किडे कमी पडणं हे त्यातलं एक. आणि त्याच झाडांवर आपल्याकडचे हिरवे पोपट कलकलाट करत होते. पिंजऱ्यांतून सुटलेल्या या पोपटांची ब्रिटनमध्ये मोकळ्यावर वीण झाल्याची नोंद १९६९ मध्ये आहे. पुण्याला परतल्यावर सोसायटीतल्या चिमण्या मी मोजायला लागलो, तो या बागेमुळे.

आता क्वचित कुणी जातो, तो दोन दिवसांसाठी. फोन आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सांगतो आणि माणूस लांबलचक यादी घेऊन परततो. नाव कळणं चांगलंच, पण यादीत नाव चढलं की पाऊल पुढे पडतं. मग पिल्लाला चोच मारणारी आई दिसायची कशी?

पर्यटक दुर्मीळ पक्ष्यामागे धावतो. कामासाठी वारंवार जाणाऱ्याच्या वाट्याला साधी, रोजची पाखरं येतात, आणि शहराचं काय चाललंय ते तीच सांगतात. म्हणून दौरे आखणाऱ्यांना माझं सांगणं आहे : बैठक संपली त्याच रात्रीचं परतीचं तिकीट काढू नका. एक सकाळ मोकळी ठेवा. खर्चाच्या तक्त्यात तिला रकाना नाही, म्हणून ती फुकट गेली असं धरणं मला मान्य नाही.