छतझरोका

छतझरोका : इमारतीच्या छतात वा छपरात उजेडासाठी ठेवलेले आणि काच किंवा तत्सम पारदर्शक अथवा पारभासी द्रव्याने झाकलेले प्रकाशद्वार. खोलीत वरून उजेड घेणे हे त्याचे मुख्य कार्य होय. उघडता येणाऱ्या प्रकारांचा वायुवीजनासाठीही उपयोग होतो. खिडकीचा उजेड भिंतीपासून आत जावे तसा झपाट्याने कमी होतो. त्यामुळे माजघर, बोळ, जिना, न्हाणीघर यांसारखे भाग भरदिवसाही अंधारे राहतात. छतझरोक्याने ही उणीव भरून निघते. मात्र उष्णतेच्या दृष्टीने तो छपराचा सर्वांत दुर्बल भाग असतो. म्हणून अल्प ऊर्जेत सुखद तापमान राखावयाच्या घरात त्याचे आकारमान, स्थान व काच यांची निवड काळजीपूर्वक करावी लागते.

इतिहास : रोम येथील पँथीऑन या इ. स. दुसऱ्या शतकातील वास्तूच्या घुमटाच्या माथ्यावर ८ मी. हून अधिक व्यासाचे वर्तुळाकार छिद्र असून ते आजही उघडेच आहे. एकोणिसाव्या शतकात लोखंडी सांगाडे व मोठी तावदाने स्वस्त झाल्यावर बाजारपेठा, रेल्वेस्थानके आणि चित्रवीथी यांना काचेची छपरे घालण्यात येऊ लागली. याच शतकात कापड गिरण्यांच्या विणकामशाळांवर करवतीच्या दात्यांसारखी छपरे आली. त्यांतील उभ्या काचा उत्तरेकडे तोंड करून असल्यामुळे थेट ऊन न येता सौम्य व एकसारखा उजेड मिळे; मुंबईच्या गिरण्यांतही अशी छपरे होती. कोकणातील घरांच्या छपरांत मंगलोरी कौलांच्या ओळीत त्याच आकाराची काचेची कौले बसविण्याची रीत आहे. हा छतझरोक्याचा सर्वांत साधा व स्वस्त प्रकार म्हणता येईल. उतरत्या छपरात बसणाऱ्या, उघडझाप करता येणाऱ्या खिडक्यांचा डेन्मार्कमध्ये व्हिलुम कान रासमुसेन यांनी १९४० नंतरच्या दशकात प्रसार केला. १९७३ मधील खनिज तेलाच्या भाववाढीनंतर इमारतींतील उष्णतेच्या ऱ्हासाकडे लक्ष गेले आणि छतझरोक्याच्या काचेत व चौकटीत झपाट्याने सुधारणा झाल्या.

उजेडाचे गणित : पूर्ण ढगाळ आकाशाचा माथ्यावरील भाग क्षितिजाजवळील भागाच्या सु. तिप्पट तेजस्वी असतो. त्यामुळे मोकळ्या जागेतील उभ्या खिडकीवर आडव्या पृष्ठाच्या सु. ४० टक्केच प्रकाश पडतो. म्हणजेच तेवढ्याच क्षेत्रफळाच्या छतझरोक्यावर खिडकीच्या अडीचपट प्रकाश पडतो. भर उन्हात आडव्या पृष्ठावरील प्रदीपन सु. १,००,००० लक्स, तर ढगाळ दिवशी सु. १०,००० लक्स असते. २० चौ. मी. खोलीत सरासरी १५० लक्स उजेड हवा असल्यास ३,००० ल्यूमेन प्रकाश लागतो. भिंती व झरोक्याचा बोगदा यांत निम्मा शोषला जातो असे धरल्यास ६,००० ल्यूमेन आत यावयास हवा. काचेतून ६० टक्के प्रकाश पार होत असेल, तर यासाठी उन्हात ०·१ चौ. मी. क्षेत्रफळ पुरते, पण ढगाळ दिवशी १ चौ. मी. लागते. ढगाळ दिवसासाठी बेतलेला झरोका उन्हाच्या दिवशी गरजेच्या दहापट प्रकाश आणि त्याबरोबर तितकीच अनावश्यक उष्णता आत आणतो. छतझरोक्याच्या अभिकल्पातील मुख्य अडचण ही आहे. झरोका शक्यतो लहान ठेवून अगदी अंधाऱ्या दिवशी दिव्याची जोड देणे, हाच बहुधा कमी खर्चाचा मार्ग ठरतो.

उष्णतेची देवघेव : काचेची गुणवत्ता तीन अंकांनी सांगतात. ‘उष्णता-पारगमनांक’ म्हणजे आतील व बाहेरील तापमानांत १° से. फरक असताना १ चौ. मी. क्षेत्रातून जाणारी उष्णता (वॉटमध्ये). ‘सौर उष्णता-गुणांक’ म्हणजे पडणाऱ्या सौर ऊर्जेपैकी उष्णतारूपाने आत येणारा अंश, तर ‘प्रकाश-पारगमनांक’ म्हणजे आत येणारा दृश्य प्रकाशाचा अंश. एकेरी काचेचा उष्णता-पारगमनांक सु. ५·८ असतो. दोन काचांमध्ये आर्‌गॉन वायू भरून एका काचेवर चांदीयुक्त अतिसूक्ष्म थर दिल्यास तो उभ्या स्थितीत सु. १·१ पर्यंत उतरतो. मात्र हेच तावदान आडवे ठेवल्यास व खालची बाजू उबदार असल्यास काचांमधील वायू तापून वर चढतो, थंड होऊन खाली येतो आणि या संनयनामुळे अंक जवळजवळ दीडपट होतो. खिडकीसाठी दिलेला अंक छतझरोक्यास जसाच्या तसा लावणे त्यामुळे चुकीचे ठरते.

जर्मनीतील डार्मस्टाट येथे १९९१ मध्ये वापरात आलेल्या घरांपासून ‘पॅसिव्ह हाउस’ हे मानक विकसित झाले. त्यात खोल्या उबदार ठेवण्यासाठी वर्षाला दर चौ. मी. मागे १५ किलोवॉट-तासांपर्यंतच ऊर्जेची गरज असावी, अशी अट आहे. समशीतोष्ण थंड प्रदेशासाठी या मानकात उभ्या खिडकीचा उष्णता-पारगमनांक ०·८०, तिरप्या छतखिडकीचा १·०० व आडव्या छतझरोक्याचा १·१० पर्यंत चालतो. अशा घरांच्या उष्णतानिरोधक छपराचा अंक ०·१० ते ०·१५ असतो. म्हणजे मानकात बसणाऱ्या छतझरोक्यातूनही तेवढ्याच छपराच्या सात ते अकरा पट उष्णता बाहेर जाऊ शकते.

हवामान व दिशा : कोपनहेगन येथे डिसेंबरमधील मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ११° उंचीवर असतो. त्या वेळी थेट उन्हाचा सु. पाचवा भागच आडव्या काचेवर पडतो, तर दक्षिणेकडील उभ्या खिडकीला ते जवळजवळ पूर्ण मिळते. उन्हाळ्यात याउलट आडवी काच अधिक तापते. अशा प्रदेशांत झरोका तिरप्या छपरात बसविणे हितावह असते. मुंबईत मेच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस सूर्य मध्यान्ही माथ्यावर येतो. मे महिन्यात आडव्या पृष्ठावर दर चौ. मी. ला सु. ९०० वॉट ऊर्जा पडू शकते. सौर उष्णता-गुणांक ०·८ असलेल्या साध्या काचेतून त्यांपैकी सु. ७०० वॉट आत येतात. हे मान लहान विद्युत् शेगडीएवढे आहे. सौर ऊर्जेचा सु. निम्मा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असल्यामुळे, दृश्य प्रकाश जाऊ देणारी व अवरक्त किरण परतविणारी काच वापरल्यास उजेड फारसा न घटता उष्णता निम्म्याने कमी होते. थंड प्रदेशात परावर्तक थर आतल्या काचेवर, तर उष्ण प्रदेशात बाहेरच्या काचेच्या आतील पृष्ठावर देतात.

काचेबाहेर बसविलेला पडदा वा झडप ऊन काचेतून आत येण्यापूर्वीच अडविते. आतील पडदा स्वतः तापून ती उष्णता खोलीतच सोडतो. म्हणून बाह्य आच्छादन अधिक परिणामकारक असते. उघडता येणारा झरोका रात्री उघडल्यास तापलेली हवा वरून निघून जाते व खालच्या खिडक्यांतून गार हवा आत येते.

रचना : झरोक्याभोवती छताच्या पृष्ठापासून निदान १५ सेंमी. उंच कठडा बांधून त्यावर चौकट बसवितात. काचेला उतार देतात, म्हणजे पाणी व धूळ साचत नाही. कौलारू छपरात चौकटीभोवतीची पत्र्याची पट्टी वरच्या कौलांच्या खाली व खालच्या कौलांच्या वर येईल अशी लावतात. हा क्रम चुकल्यास पहिल्याच पावसात गळती होते. धातूच्या अखंड चौकटीतून उष्णता सहज वाहते व थंडीत तिच्यावर आतून दव साचते. म्हणून मध्ये उष्णतारोधक पट्टी घालतात किंवा लाकडी चौकट वापरतात. छत व तक्तपोशी यांमधील बोगदा पांढरा व खाली रुंद होत जाणारा असल्यास उजेड दूरवर पसरतो. त्याच्या बाजूंनाही निरोधक द्रव्य लावणे आवश्यक असते. फुटल्यास तुकडे अंगावर पडू नयेत म्हणून आतील काच मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेली स्तरित सुरक्षा काच असावी लागते.

नळीझरोका : यात छपरावर पारदर्शक लहान घुमट, त्याखाली आतून आरशासारखी चकचकीत धातूची नळी व तक्तपोशीत प्रकाश पसरविणारी तबकडी असते. नळीचा व्यास सामान्यतः २५ ते ३५ सेंमी. असतो. ३५ सेंमी. व्यासाच्या नळीचे क्षेत्रफळ ०·१ चौ. मी. च्या जवळपास, म्हणजे वरील उदाहरणात उन्हासाठी काढलेल्या क्षेत्रफळाइतके भरते. आतील पृष्ठ दर परावर्तनाला ९८ टक्के प्रकाश परतवीत असल्यास दहा परावर्तनांनंतर सु. ८२ टक्के प्रकाश उरतो. हेच प्रमाण ९० टक्के असल्यास सु. ३५ टक्केच उरतो. त्यामुळे लांब नळीची उपयुक्तता मुख्यतः तिच्या अस्तरावर अवलंबून असते.

भारतातील नियम : व्यापारी इमारतींसाठीच्या २०१७ च्या ऊर्जा संवर्धन संहितेत छतझरोक्यांचे क्षेत्र एकूण छपराच्या ५ टक्क्यांपर्यंत मर्यादित केले असून सौर उष्णता-गुणांक ०·३५ पेक्षा व उष्णता-पारगमनांक ४·२५ पेक्षा अधिक नसावा असे म्हटले आहे. निवासी इमारतींसाठीच्या २०१८ च्या ‘इको-निवास संहिते’त छपराचा उष्णता-पारगमनांक १·२ पर्यंत असावा, अशी तरतूद आहे.

दिवसाच्या उजेडातून दर वॉट उष्णतेमागे सु. १०० ल्यूमेन प्रकाश मिळतो. जुन्या तंतुदीपाच्या मानाने तो कितीतरी अधिक असल्याने त्या काळी छतझरोक्याने विजेची मोठी बचत होई. प्रकाशोत्सर्जक द्विप्रस्थाचे (एलईडीचे) दिवे तितकाच किंवा त्याहून अधिक प्रकाश देऊ लागल्यापासून हा फायदा घटला आहे. थंडावा राखण्यासाठी यंत्रे चालणाऱ्या घरात मोठा, उघडा पडलेला झरोका विजेचा खर्च वाढवितो. नैसर्गिक उजेड, आकाशाचे दर्शन व रात्रीचे वायुवीजन यांसाठी मात्र त्याला पर्याय नाही. लहान क्षेत्रफळ, निवडक्षम काच, बाहेरचे आच्छादन व निर्दोष जोडकाम या चार गोष्टी साधल्यास हे लाभ उष्णतेचा भार फारसा न वाढविता मिळू शकतात.