खाणीतले बचावपथक आणि त्याचे धैर्य

उन्हाळ्याच्या या दिवसांत आपल्या गोंडपिपरी तालुक्यातील माणसे पहाटेच्या अंधारात तेंदूपत्ता तोडण्यासाठी जंगलात शिरतात. जंगलात वाघ आहे हे प्रत्येकास ठाऊक असते. तरी पोटासाठी जावेच लागते. मात्र शहाणा माणूस एकटा जात नाही. तो चारचौघांच्या सोबतीने जातो, हाळी देत जातो आणि ऊन चढण्यापूर्वी परततो. धैर्य म्हणजे काय, याची ही आपल्या अंगणातली व्याख्या आहे. आज आम्ही ज्यांच्याविषयी बोलणार आहोत, त्या खाणीतील बचावपथकांचे धैर्य याच जातीचे आहे. त्यांचे जंगल तेवढे जमिनीखाली आहे.

गोंडपिपरीहून चंद्रपूरकडे निघालेला माणूस बल्लारपूर गाठतो आणि कोळशाच्या मुलखात शिरतो. बल्लारपूर, सास्ती, लालपेठ, दुर्गापूर, घुग्घुस, माजरी ही नावे उच्चारताच कोळशाची आठवण व्हावी, असा हा वर्धा नदीच्या खोऱ्याचा पट्टा आहे. वरोड्याची सरकारी खाण एकोणिसाव्या शतकातच सुरू झाली होती. ती १९०६ मध्ये बंद पडली. १९७३ मध्ये देशातील कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ मध्ये नागपूर येथे वेस्टर्न कोलफील्ड्स, म्हणजे आपल्या बोलण्यातली वेकोलि, ही कंपनी स्थापन झाली. आता जिल्ह्यातील बहुतेक कोळसा उघड्या खाणींतून निघतो. परंतु भुयारी खाणीचे युग संपले, असे मानणे चुकीचे ठरेल. आणि तेथे उतरणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न तर कधीच जुना होत नाही.

भुयारी खाण म्हणजे एक मोठे विवर, अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक ती अंधाऱ्या गल्ल्यांची नगरीच असते. कोळशाच्या थरातून आडव्या-उभ्या गल्ल्या खोदीत जावयाचे आणि छत पेलण्यासाठी मधले चौकोनी खांब तसेच ठेवावयाचे, ही तिची जुनी रचना. या नगरीत वारा आपोआप वाहत नाही. जमिनीवर बसविलेला प्रचंड पंखा एका वाटेने हवा आत ओढतो आणि दुसऱ्या वाटेने बाहेर काढतो. हा हवेचा प्रवाह म्हणजे खाणीचा श्वास होय. तो बिघडला की खाण आपल्याच माणसांवर उलटते.

ती कशी उलटते, हे समजल्यावाचून बचावपथकाचे काम समजणार नाही. कोळशाच्या थरात मिथेन नावाचा ज्वालाग्राही वायू दडलेला असतो. तो हवेपेक्षा हलका असल्यामुळे छताशी साचतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा ५ ते १५ च्या दरम्यान आले, की एक ठिणगी स्फोटास पुरते. स्फोटाने उडालेली कोळशाची भुकटी पेट घेते आणि आग गल्लीमागून गल्ली धावत सुटते. पण खरा घातक त्याच्या मागून येतो. इंग्लंडातील शास्त्रज्ञ जे. एस. हाल्डेन यांनी खाणींतील स्फोटांत मेलेल्या माणसांची तपासणी करून १८९६ मध्ये दाखवून दिले, की त्यांतील बहुसंख्य माणसे भाजून किंवा आघाताने मेलीच नव्हती. स्फोटानंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइड वायूने त्यांचा प्राण घेतला होता. या वायूस रंग नाही, वास नाही. रक्तातील जो पदार्थ प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक ओढीने चिकटतो. मग छाती हवा घेत राहते, पण शरीराला प्राणवायू पोचत नाही. हवेत शेकडा एक भाग हा वायू असला, तर धडधाकट माणूस काही मिनिटांत मरतो. पूर्वी खाणीत पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी नेत असत, तो याचसाठी. माणसाआधी त्या चिमण्या जिवास विषाची बाधा होई. इंग्लंडात ही चाल १९८६ पर्यंत टिकून होती.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. आत अडकलेल्या सोबत्यासाठी जो उघड्या नाकाने धावून जातो, तो त्याला वाचवीत नाही. मृतांच्या संख्येत एकाची भर घालतो. म्हणून बचावाचा पहिला प्रश्न धैर्याचा नसतो, तो श्वासाचा असतो.

हा प्रश्न ज्या उपकरणाने सोडविला, त्याची कल्पना साधी आहे. आपण जो श्वास बाहेर टाकतो, त्यातही शेकडा १६ च्या आसपास प्राणवायू शिल्लक असतो. तोच श्वास एका डब्यातील क्षारावरून नेला, की त्यातील कार्बन डायॉक्साइड शोषला जातो. खर्ची पडलेला प्राणवायू पाठीवरच्या नळकांड्यातून भरून काढला, की तीच हवा पुन्हा छातीत घेता येते. बाहेरच्या विषारी हवेशी संबंध उरत नाही. सुमारे पंधरा किलोंचे हे ओझे पाठीवर घेऊन आजचा बचावसैनिक चार तासांपर्यंत विषात वावरू शकतो. अर्थात ते सुख नव्हे. क्षाराच्या क्रियेने श्वासाची हवा तापते, म्हणून ती थंड करण्यासाठी उपकरणात बर्फ ठेवावा लागतो.

या उपकरणाचा आणि ते वापरणाऱ्या माणसांचा लौकिक जगात पसरला, तो एका भीषण प्रसंगाने. १० मार्च १९०६ रोजी फ्रान्समधील कुरिएर येथील खाणीत स्फोट होऊन १,०९९ माणसे मेली. फ्रान्सपाशी तेव्हा शिकविलेली बचावपथके नव्हती. ती जर्मनीपाशी होती. १८७० च्या युद्धाचे वैर दोन्ही देशांत धगधगत असतानाही जर्मन खाणकामगारांचे पथक सरहद्द ओलांडून मदतीस आले. मात्र या प्रसंगाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आत कोणी जिवंत नाही असे ठरल्यावर, स्फोटानंतर वीस दिवसांनी, तेरा माणसे अंधारातून चाचपडत आपली आपण बाहेर आली. आशा केव्हा सोडावी, हा बचावकार्यातील सर्वांत अवघड निर्णय आहे, हा धडा तेव्हापासून जगाला मिळाला.

आपल्या देशात कोळसा खाणींतील बचावाचे नियम प्रथम १९३९ मध्ये झाले. सध्याची व्यवस्था १९८५ च्या नियमांवर उभी आहे. वेकोलिचे बचाव केंद्र नागपूरला आहे आणि चंद्रपूरजवळ ताडाळी येथे त्याचे उपकेंद्र. काही माणसे तेथे कायम सज्ज असतात. पण पुष्कळसे बचावसैनिक हे खाणीत रोजचे काम करणारेच ओव्हरमन, सिरदार आणि कामगार असतात. ते स्वेच्छेने नाव देतात, डॉक्टरांच्या कसोटीस उतरतात, प्रथमोपचार शिकतात आणि धुराने व उष्णतेने भरलेल्या बंद भुयारात ओझे वाहण्याचा सराव करतात. एकदा शिकून भागत नाही. ही उजळणी वर्षानुवर्षे चालू राहते.

आणि आता त्यांचे नियम पाहा. एकट्याने कधीही जावयाचे नाही. टोळी पाच-सहा जणांची. शुद्ध हवेच्या हद्दीवर एक ठाणे उभारावयाचे आणि पहिली टोळी आत असेपर्यंत दुसरी तेथे तयार ठेवावयाची. ठराविक वेळाने थांबून नायकाने प्रत्येकाचा प्राणवायू मोजावयाचा. जाताना जितका खर्च झाला, त्याच्या दुप्पट परतीसाठी राखावयाचा. ज्याच्याजवळ सर्वांत कमी उरला असेल, त्याच्या हिशेबाने सर्वांनी फिरावयाचे. एकाला घेरी आली, तर सगळी टोळी परत.

हे ऐकून कोणी विचारील, की हा तर वाण्याचा हिशेब झाला. यात शौर्य कोठे आले? आम्हांस वाटते, शौर्य नेमके येथेच आहे. गल्लीच्या टोकाशी कोणाचा तरी कण्हण्याचा आवाज येतो आहे, तो कदाचित रोज आपल्याबरोबर डबा खाणारा सोबती आहे. आणि काटा सांगतो आहे, की फिरण्याची वेळ झाली. अशा वेळी पुढे धावणे सोपे असते. मागे फिरून पुढच्या टोळीला अचूक जागा सांगणे कठीण असते. परत फिरणारा नायक माणसाला टाकून येत नाही. तो त्याच्यासाठी वाट मोकळी ठेवून येतो.

शिवाय यांचे बरेचसे काम वर्तमानपत्रात येतच नाही. आपल्या खोऱ्यातील कोळशाला आपोआप तापण्याची खोड आहे. मागे सोडलेल्या भागात उरलेला कोळसा हवेशी संयोग पावून हळूहळू गरम होतो आणि एके दिवशी धुमसू लागतो. मग बचावपथकाने धुरात उतरून, उपकरण लावून, विटामातीची भिंत बांधावयाची आणि त्या आगीची हवा तोडावयाची. गवंड्याचेच हे काम. पण भिंत पुरी होईपर्यंत पलीकडे स्फोट होणार नाही, याची हमी कोणीही देत नाही.

वायू आणि अग्नी यांच्याबरोबरीचा तिसरा शत्रू पाणी. जुन्या, सोडून दिलेल्या खाणीत ते वर्षानुवर्षे साचते. नकाशा चुकला आणि मधली भिंत फुटली, की क्षणात आत घुसते. डिसेंबर १९५४ मध्ये परासियाजवळच्या न्यूटन चिखली खाणीत असेच पाणी घुसून साठाहून अधिक माणसे बुडाली. तेव्हा आपला चांदा जिल्हा आणि परासिया एकाच राज्यात होते. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळ चासनाला येथे ३७५ माणसे गेली.

परंतु पाण्यावर मात केल्याचेही उदाहरण आहे. १३ नोव्हेंबर १९८९ रोजी पश्चिम बंगालमधील राणीगंजच्या महाबीर खाणीत पाणी शिरून ७१ माणसे अडकली. त्यांतील सहा बुडाली. ६५ उंचवट्याच्या भागात जिवंत राहिली. वरून भोक पाडून त्यातून माणूस मावेल अशी पोलादी कुपी सोडावयाची ठरली. तिची रुंदी अवघी २२ इंच! खाण अभियंते जसवंतसिंग गिल स्वतः त्या कुपीत उभे राहून खाली उतरले. त्यांनी एकेकास त्यात बसवून ६५ च्या ६५ माणसे वर पाठविली आणि आपण सर्वांच्या शेवटी आले. पुढे त्यांना सर्वोत्तम जीवनरक्षा पदक मिळाले. कुपीत पाय ठेवणारा हा माणूस शूर होताच. पण कुपी घडविणारा लोहार, भोक सरळ पाडणारा यंत्रचालक आणि नकाशावरून जागा अचूक सांगणारा मोजणीदार यांच्यावाचून ते शौर्य जमिनीवरच राहिले असते.

हा विषय गोंडपिपरीच्या श्रोत्यांपुढे मांडण्याचे आणखी एक कारण आहे. आपल्यातील फार थोडे जण कधी खाणीत उतरतील. पण विहीर, शेणखताचा वा गोबरगॅसचा खड्डा आणि शौचालयाची टाकी गावोगावी आहे. ९ एप्रिल २०२४ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, नेवासे तालुक्यातील वाकडी गावी शेणाच्या खड्ड्यासारख्या वापरल्या जाणाऱ्या जुन्या विहिरीत एक मांजर पडले. त्याला काढण्यास एक उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा. अशा रीतीने उतरलेल्या सहा जणांपैकी पाच दगावले. जो वाचला, त्याच्या कमरेला दोर होता.

त्या पाचांत भित्रा कोणीच नव्हता. प्रेमानेच ते उतरले आणि प्रेमानेच मेले. त्यांना उणे पडला तो दोर, आणि क्षणभर थांबून मोजण्याची सवय. म्हणून या उन्हाळ्यात गाळ काढण्यासाठी कोणी विहिरीत उतरणार असेल, तर आधी दोर बांधा आणि वर चार माणसे ठेवा. दिवा सोडून पाहण्याची जुनी रीत प्राणवायू कमी असल्याचे सांगते, सगळी विषे मात्र सांगत नाही; आणि गोबरगॅसजवळ तर ज्योत नेऊच नये. आतला माणूस कोसळला, तर त्याच्यामागे उडी न घेता त्याला दोराने ओढा आणि अग्निशामक दलास बोलवा. आपल्या जिल्ह्यातील खाणींत उतरणारी माणसे जी विद्या जिवाच्या मोलाने शिकली आहेत, तिचा एवढा अंश जरी आपण घरी नेला, तरी या वसंतातले हे एक व्याख्यान कारणी लागले, असे आम्ही समजू.