सीटखालची डबी आणि गाडीचा पिकअप

नवी मोटारसायकल घरी आली की पहिले काही महिने कौतुकात जातात. मग घरातला मुलगा एक ठरावीक तक्रार सांगू लागतो. पाम बीच रोडवर गाडी मस्त पळते, पण तुर्भे नाक्यावर किंवा एपीएमसी मार्केटसमोर ट्रकांच्या रांगेत हळू चालवायची म्हटली की धक्के मारते. रेस बंद करून पुन्हा थोडी दिली की झटका बसतो. इंजिन तापते, पाय भाजतात. मित्रमंडळी त्यावर उपाय सांगतात: सीटखाली एक छोटी डबी बसव, पिकअपही वाढेल आणि धक्केही जातील. डबीची किंमत साधारण दहा हजारांपासून पुढे असते. गाडीचे हप्ते अजून चालू असतात आणि मग ही मागणी अब्बांपर्यंत पोहोचते.

या डबीला फ्युएल मॉड्युल म्हणतात. बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्स या कंपनीची 'फ्युएल-एक्स' आणि 'पॉवरट्रॉनिक' ही नावे आपल्याकडे बरीच ऐकू येतात. अमेरिकेतला 'पॉवर कमांडर' त्याहून जुना. ही वस्तू निव्वळ फसवणूक आहे असे नाही आणि जादूही नाही. ती काय करते हे घरातल्या मोठ्यांना समजले, तर मुलाशी नुसता वाद घालण्याऐवजी हिशेबाने बोलता येईल.

पेट्रोल पूर्ण जळायला 1 किलो पेट्रोलमागे सुमारे 14.7 किलो हवा लागते. पूर्वी हे प्रमाण कार्बोरेटर सांभाळत असे आणि मिस्त्री स्क्रू फिरवून ते कमी-जास्त करून देत असे. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम लागू झाले आणि जवळजवळ सगळ्याच दुचाकींवर फ्युएल इंजेक्शन आले. आता ईसीयू नावाचा छोटा संगणक इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते ठरवतो. सायलेन्सरच्या नळीत बसवलेला ऑक्सिजन सेन्सर धुरात किती ऑक्सिजन उरला ते त्याला सतत कळवतो. मिश्रणात पेट्रोल जास्त झाले की ईसीयू कमी करतो, कमी पडले की वाढवतो.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? सायलेन्सरच्या आत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा महागड्या धातूंचा थर दिलेली ही जाळी विषारी वायूंचे बरेचसे निरुपद्रवी वायूंत रूपांतर करते. पण हे काम ती 14.7 च्या अगदी जवळपासच नीट करते. बीएस-6 मध्ये मोटारसायकलीला एका किलोमीटरमागे 1 ग्रॅमपेक्षा जास्त कार्बन मोनॉक्साइड सोडता येत नाही. नवे मॉडेल विक्रीला येण्याआधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत त्याची ही परीक्षा होते.

इंजिनाला स्वतःला मात्र यापेक्षा थोडे जास्त पेट्रोल आवडते. 13 च्या आसपास हवा ठेवली तर ते गुळगुळीत चालते आणि जोरही थोडा जास्त देते. म्हणजे कमी वेगातल्या धक्क्यांचा एक भाग हा बिघाड नसून स्वच्छ धुरासाठी केलेली तडजोड आहे. एकाच मोठ्या सिलिंडरच्या गाडीत तो जास्त जाणवतो. त्यात रेस बंद केली की ईसीयू पेट्रोल पूर्ण तोडतो आणि पुन्हा दिली की सोडतो. त्या क्षणाला झटका येतो.

डबी नेमकी इथे मध्ये बसते. ईसीयूने इंजेक्टरला समजा चार मिलिसेकंद उघडायला सांगितले, तर डबी त्याला जरा जास्त वेळ उघडा ठेवते. पण एवढ्याने भागत नाही. जास्त पेट्रोल आले की ऑक्सिजन सेन्सर लगेच चुगली करतो आणि ईसीयू पुन्हा हात आखडता घेतो. म्हणून सेन्सरकडून येणारा निरोपही वाटेत बदलावा लागतो. धूर पेट्रोलने भारी झालेला असतो आणि ईसीयूला मात्र सगळे ठीक असल्याचे कळवले जाते. तांत्रिक भाषेत याला कितीही चांगली नावे असोत, काम संगणकाला खोटे सांगण्याचेच आहे.

फरक पडतो का? पडतो. चांगल्या कंपनीची, त्याच मॉडेलसाठी बनवलेली डबी नीट बसवली तर धक्के कमी होतात, गाडी टॉप गिअरमध्ये हळू चालते, हे चालवणाऱ्याला खरोखर जाणवते. ताकदीची वाढ मात्र जाहिरातीत वाटते त्यापेक्षा बरीच कमी असते. इंजिन तेच, आत जाणारी हवा तेवढीच. नुसते पेट्रोल वाढवून घोडे वाढत नाहीत. जास्तीचे पेट्रोल कुठून तरी यावेच लागते, आणि ते टाकीतूनच येते. नेरूळ-कोपरखैरण्यात दिवसभर पार्सल पोहोचवणाऱ्या मुलाची कमाई तर ॲव्हरेजवरच उभी असते. त्याने या वाटेला जाऊच नये.

थ्रॉटल कंट्रोलर नावाची दुसरी एक वस्तू मिळते, तिची गल्लत करू नये. ती फक्त राइड-बाय-वायर गाड्यांवर चालते, म्हणजे ज्यांत रेसची मूठ केबलने नव्हे तर विजेच्या संदेशाने थ्रॉटल उघडते. मूठ पाव फिरवली तर ती अर्धी फिरवल्याचे पुढे कळवते, एवढेच तिचे काम. गाडी चपळ झाल्याचा भास होतो. ताकद एका घोड्यानेही वाढत नाही. पावसाळ्यात सायन-पनवेल महामार्गाच्या ओल्या रस्त्यावर नवशिक्या हाताला अशी उतावळी रेस देणे मला तरी धोक्याचे वाटते. तेच काम मनगट हळू किंवा जलद फिरवून फुकटात होते.

आता धुराचे. जादा पेट्रोल पूर्ण जळत नाही. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेले इंधन बाहेर पडते. न जळालेले इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळू लागले की तो प्रमाणाबाहेर तापतो आणि कालांतराने निकामी होतो. बहुतेक गाड्यांत तो सायलेन्सरच्या आतच जोडलेला असतो, म्हणजे खर्च अख्ख्या सायलेन्सरचा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तात ऑक्सिजनची जागा तो घेतो. आपल्या सोसायट्यांत गाड्या स्टिल्टखाली उभ्या असतात आणि मुले तिथेच खेळतात. पीयूसीचा भरवसा धरू नये; दुचाकीची ती तपासणी गाडी उभी असताना, आयडलिंगवर होते. रस्त्यावर वेग घेताना डबी काय करते ते तिथे दिसत नाही.

अमेरिकेत या प्रश्नावर मोठे प्रकरण झाले. हार्ले-डेव्हिडसन कंपनी स्वतःच्याच गाड्यांसाठी 'सुपर ट्यूनर' विकत होती. त्यांनी धूर वाढतो असा ठपका तिथल्या पर्यावरण खात्याने ठेवला. विकलेल्या ट्यूनरांची संख्या सुमारे 3 लाख 40 हजार होती. ऑगस्ट 2016 मध्ये कंपनीने 1 कोटी 20 लाख डॉलर दंड भरण्याचे, विक्री थांबवण्याचे आणि डीलरांकडचा साठा परत घेऊन नष्ट करण्याचे मान्य केले.

आपल्याकडे अशा डब्या उघडपणे विकल्या जातात, म्हणून त्या बसवायला हरकत नाही असा समज आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीत मनाजोगता बदल करायला मनाई करते, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम 182-अ आले. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. प्रदूषणाचे निकष मोडले तर कलम 190 खाली दंड 10 हजारांपर्यंत जातो. नाक्यावरचा हवालदार सीट उघडून डबी शोधत बसणार नाही, हे खरे. पण वॉरंटीत इंजिनाचे काम निघाले की सर्व्हिस सेंटरवाला सीट उघडतोच, आणि डबी दिसली की वॉरंटी नाकारायला त्याला कारण मिळते. अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअरही विचारतो की हा बदल तुम्ही कळवला होता का.

मग धक्क्यांचे काय करायचे? आधी चेन पाहावी. ढिली चेन रेस सोडताना आणि देताना झटका देते, आणि लोक तो इंजिनाचा समजतात. रेसच्या केबलला दोन-तीन मिलिमीटरहून जास्त मोकळीक असेल तर तेच होते. एअर फिल्टर उघडून पाहावा. तळोजा एमआयडीसी किंवा उरणच्या कंटेनर ट्रकांच्या रस्त्याने रोज जाणाऱ्या गाडीचा फिल्टर कंपनीने सांगितलेल्या मुदतीच्या बराच आधी भरतो. मग प्लग, आणि थ्रॉटल बॉडीत साचलेला काजळीचा थर. सर्व्हिस सेंटरमध्ये ईसीयूचे नवे सॉफ्टवेअर आले आहे का, हे आवर्जून विचारावे. काही मॉडेलांच्या अशा तक्रारी कंपन्यांनीच अपडेट देऊन कमी केल्या आहेत. हे सगळे मिळून एका सर्व्हिसिंगच्या खर्चात बसते. शिवाय गिअरची सवय. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये तीसच्या वेगाने चालणारी साडेतीनशे सीसीची गाडी धक्के मारणारच. एक गिअर खाली घ्यावा.

पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आल्यापासून ही चर्चा पुन्हा वाढली आहे. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, 1 किलोमागे सुमारे 9 किलो, आणि त्यात ऊर्जाही पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. म्हणून मिश्रण थोडे लीन होते आणि ॲव्हरेज घटते. पण हे प्रमाण जुळवून घ्यायलाच तर ऑक्सिजन सेन्सर आहे, आणि बीएस-6 गाडी बऱ्याच अंशी ते आपणहून करते. केवळ इथेनॉलच्या भीतीने डबी घेण्याचे कारण मला दिसत नाही.

सुट्टीत पेण-वडखळमार्गे म्हसळा, श्रीवर्धनला गावी जाण्यासाठी जुनी मोटारसायकल घेणारी बरीच कुटुंबे आहेत. सौदा ठरवण्याआधी सीट काढायला लावा. बॅटरीच्या आसपास टेपने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेली, वायरी निघालेली परकी डबी दिसली तर विकणाऱ्याला विचारा आणि ती काढून, मूळ कनेक्टर जोडून गाडी चालवून पाहा. कुठे वायर कापून जोडली असेल तर त्याचे पैसे भावातून कमी करून घ्या. आणि चावी फिरवल्यावर मीटरवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागून गाडी सुरू झाल्यावर विझतो की नाही, हे उन्हात नाही, सावलीत उभे राहून बघा.