भरली की सुटणारी रिक्षा आणि मेंदूच्या धर्तीवरची चिप

डोंबिवली स्टेशनबाहेरची शेअर रिक्षा वेळापत्रक पाळत नाही. तीन सीट भरल्या की ती सुटते. उतारू नसतील तर चालक इंजिन बंद करून उभा राहतो. परिवहनची बस मात्र वेळ झाली की निघते, मग आत दोनच माणसे का असेनात. मेंदूच्या धर्तीवरच्या म्हणून ज्या चिप तयार होत आहेत, त्यांचे मर्म बरेचसे या फरकात आहे.

नेहमीच्या संगणकाचा प्रोसेसर हा बसच्या जातीचा. त्याच्या घड्याळाचे सेकंदाला अब्जावधी ठोके पडतात आणि त्या ठोक्यांवर सारे काम चालते. काम नसताना हे ठोके मंदावण्याची सोय आज असते, पण पद्धत तीच. शिवाय जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ मध्ये मांडलेल्या रचनेप्रमाणे स्मृती एका जागी आणि आकडेमोड दुसऱ्या जागी. प्रत्येक आकडा स्मृतीतून आणायचा, हिशेब करायचा, उत्तर परत नेऊन ठेवायचे. कल्याण-डोंबिवलीकरांना हे निराळे समजावून सांगायला नको! घर इकडे, कचेरी फोर्टला आणि अर्धी शक्ती लोकलमध्ये. चिपमध्येही प्रत्यक्ष बेरजेपेक्षा बाहेरच्या स्मृतीतून आकडे आणण्यात कितीतरी पट अधिक ऊर्जा जाते.

आता मेंदू पाहा. त्यात सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत आणि त्याला लागणारी शक्ती साधारण २० वॉट, म्हणजे एका एलईडी ट्यूबलाइटइतकी. चेतापेशीचे वागणे रिक्षासारखे असते. शेजारच्या पेशींकडून येणारे संदेश तिच्यात साठत जातात. साठा ठराविक पातळीला पोहोचला की ती विजेचा एक छोटा स्पंद सोडते आणि पुन्हा रिकामी होते. संदेश फार अंतराने आले तर आधीचा साठा गळून जातो, जसा वाट पाहून कंटाळलेला उतारू रिक्षातून उतरून चालू लागतो. पेशींमधील जोडणीला सिनॅप्स म्हणतात. कोणाच्या संदेशाला किती वजन द्यायचे, हे या जोडणीतच ठरलेले असते. थोडक्यात, स्मृती आणि काम एकाच जागी. इथे लोकलचा प्रवास नाही.

या धर्तीवर विद्युतमंडले बांधावीत हा विचार अमेरिकेतील कॅलटेक संस्थेत कार्व्हर मीड यांनी १९८० च्या दशकात पुढे नेला. पुढे २०१४ मध्ये आयबीएमने 'ट्रूनॉर्थ' ही चिप जाहीर केली. तिच्यावर १० लाख कृत्रिम चेतापेशी आणि २५.६ कोटी जोडण्या होत्या, आणि ती चालायला सुमारे ७० मिलिवॉट पुरत. तो गट चालवणारे धर्मेंद्र मोधा हे पवईच्या आयआयटीचे विद्यार्थी.

त्याच पवईत, ठाण्याच्या वेशीपासून थोड्याच अंतरावर, प्रा. उदयन गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेले काम मला अधिक रंजक वाटते. ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून किंचित प्रवाह झिरपतो. त्याचे एक कारण पुंजयामिकीतील 'टनेलिंग'. कळवा आणि मुंब्रा यांच्यामध्ये पारसिकचा डोंगर आडवा आहे. १९१६ मध्ये बोगदा झाला आणि गाडी आरपार जाऊ लागली. इलेक्ट्रॉनसाठी बोगदा कोणी खणलेला नसतो, तरी काही थोडे इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या डोंगरापलीकडे सापडतातच. चिप बनवणाऱ्यांना ही गळती नकोशी असते. या गटाने तीच कामाला लावली. कृत्रिम चेतापेशीत संदेशांचा साठा कपॅसिटरमध्ये होतो. प्रवाह मोठा असेल तर कपॅसिटर चटकन भरतो. तो सावकाश भरावा म्हणून आकाराने मोठा घ्यावा लागतो आणि ऊर्जाही जास्त खातो. झिरपणारा प्रवाह इतका बारीक असतो की लहानसा कपॅसिटरही हळूहळू भरतो. आधीच्या इलेक्ट्रॉनिक चेतापेशींच्या मानाने एका स्पंदाला लागणारी ऊर्जा ५,००० पट कमी झाल्याचे त्यांनी नोंदवले. मेंदूच्या श्रवणकेंद्रावर बेतलेल्या छोट्या जाळ्याकडून उच्चारलेले शब्द ओळखण्याचा प्रयोगही त्यांनी केला.

पाच हजार हा आकडा एका स्पंदापुरता आहे, सबंध यंत्राचा नाही, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. स्पंदांवर चालणाऱ्या जाळ्याला शिकवणेही अजून किचकट आहे. आणि 'मेंदूसारखी' या शब्दाने कोणी ही चिप विचार करते असे समजू नये; तिने मेंदूची एकच सवय उचलली आहे, काही घडले नाही तर गप्प बसण्याची.

पण ही सवय साधी नाही. कानाला लावायचे श्रवणयंत्र किंवा एकट्या राहणाऱ्या वृद्धाची हाक ऐकणारे उपकरण सदैव जागे असावे लागते, आणि बॅटरी मात्र बोटाच्या पेराएवढी. आज आपण बोलक्या उपकरणाला विचारलेला प्रश्न बहुधा दूरच्या डेटा सेंटरकडे जातो. ठाण्याच्या खाडीपलीकडे ऐरोली-महापे पट्ट्यात अशी केंद्रे उभी आहेत. शब्द उपकरणातच ओळखता आला तर वीज वाचेल आणि घरातले बोलणे घरात राहील. मला यातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते.

वर्गात हे करून पाहता येईल. एका विद्यार्थिनीला चेतापेशी करा. तिच्या दोन मैत्रिणींनी मनाला येईल तेव्हा तिच्या खांद्यावर थाप मारायची. तिने मनात मोजायचे, तीन झाले की 'स्पंद' म्हणायचे आणि शून्यावर यायचे. दर पाच सेकंदांनी शिक्षकांनी टाळी वाजवायची; टाळीसरशी तिने साठ्यातून एक वजा करायचा. थापा विरळ असतील तर ती गप्पच राहील, लागोपाठ आल्या की बोलेल. मग एका मैत्रिणीची थाप दोन धरायला सांगा आणि काय बदलते ते मुलांनाच शोधू द्या.